गिअरबॉक्सचा आवाज: बॉक्स उतरवण्याआधी तो कधी येतो ते ऐका

चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा गिअरबॉक्स विनाकारण उतरवला गेला. ताशी पन्नासच्या पुढं गेलं की पुढच्या बाजूनं घूंऽऽ असा एकसुरी आवाज यायचा, आणि वेग वाढला की तोही चढायचा. एका गॅरेजवाल्यांनी चक्कर मारली आणि बॉक्सचं बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं. बॉक्स खाली आला, उघडला, दोन बेअरिंगं आणि सगळी ऑइल सील नवी पडली. पाचव्या दिवशी गाडी हातात आली. कोल्हापुरातलं तावडे हॉटेल ओलांडून हायवेला लागलो आणि तोच आवाज, तेवढाच.

शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. मी तोंडानं आवाज काढून दाखवायला लागलो तसा त्यांनी हात वर केला. "कसा येतोय ते राहू द्या दादा, कवा येतोय ते सांगा." मग एकेक विचारत गेले. क्लच दाबल्यावर जातो का? पळत्या गाडीत न्यूट्रल केल्यावर जातो का? वळणावर बदलतो का? उजवीकडं वळताना वाढतो म्हटल्यावर त्यांनी पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, माझा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवायला लावला आणि चाक हातानं फिरवलं. स्प्रिंगमधून खरखर बोटांना लागत होती. व्हील बेअरिंग गेलं होतं. गिअरबॉक्सला काही झालंच नव्हतं.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसू लागलो आणि घरच्या, भावकीतल्या गाड्यांवर हात चालवून शिकलो. बॉक्स उतरवायचा निर्णय गाडीमालकानं डोळे झाकून मान्य करू नये, असं मला मनापासून वाटतं. खाली दिलेली तपासणी तासाभरात होते आणि तिला चार-दोन साधी हत्यारं पुरतात. दुरुस्ती तुम्ही करा नाहीतर मिस्त्रींकडून करून घ्या, दुखणं कुठं आहे हे आधी तुम्हाला माहीत असू द्या.

आत काय फिरतं ते आधी समजून घ्या

आपण गिअर 'टाकतो' म्हणतो. त्यामुळं वाटतं की दांडा हलवला की एक चक्र सरकत जाऊन दुसऱ्याला भिडतं. तसं नसतं. पुढं जायच्या गिअरच्या सगळ्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. प्रत्येक जोडीतला एक गिअर शाफ्टला पक्का असतो आणि दुसरा शाफ्टवर मोकळा फिरत असतो. दांडा हलवला की आतला फोर्क एक स्लीव्ह सरकवतो, आणि ती स्लीव्ह त्या मोकळ्या गिअरला शाफ्टशी जखडते. जखडण्याआधी दोघांचा वेग सारखा करायचं काम सिंक्रो रिंगचं. बहुतेक बॉक्समध्ये ही रिंग पितळेची असते. पुढं तेलाच्या भागात हे पितळ उपयोगी पडणार आहे.

आता तीन अवस्था डोळ्यांपुढं आणा. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लचवर पाय नाही: क्लचकडून ताकद आत आणणारा इनपुट शाफ्ट आणि त्याच्याशी जुळलेले सगळे गिअर फिरतायत, चाकांकडं जाणारा भाग थांबलाय. त्याच स्थितीत क्लच तळापर्यंत दाबला: इंजिन बॉक्सपासून तुटलं, बॉक्स थांबला, पण पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग कामाला लागलं. गाडी पळतेय आणि न्यूट्रल आहे: ताकद बाहेर देणारा आउटपुट शाफ्ट, ती दोन्ही चाकांत वाटणारं डिफरन्शियल, चाकांपर्यंत नेणारे ड्राइव्ह शाफ्ट आणि चाकं रस्त्याच्या वेगानं फिरतायत, इंजिनाचा त्यांच्याशी संबंध नाही.

पुढच्या सगळ्या चाचण्या म्हणजे या अवस्था आलटून पालटून आणायच्या आणि आवाज कुणाबरोबर येतो-जातो ते बघायचं.

पहिली तपासणी: उभ्या गाडीत

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावा. इंजिन चांगलं गरम झालेलं असावं, कारण थंड बॉक्समध्ये तेल जाड असतं आणि ते बरेच आवाज झाकून टाकतं. एसी, पंखा, गाणी बंद, काचा खाली. न्यूट्रलमध्ये, क्लच सोडून, मिनिटभर नुसतं ऐका.

आता क्लचचं पेडल अगदी सावकाश दाबत जा. पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग तसंच सावकाश सोडा. असं पाच-सहा वेळा करा. घाई केली तर इथली सगळी माहिती निसटते.

पाय सोडलेला असताना गुरगुर आणि पेडल दाबलं की गप्प, असं असेल तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. मागची चाकं ओढणाऱ्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या) गाड्यांत, म्हणजे जुन्या जीप, पिकअप आणि पुष्कळशा एसयूव्हींत, काउंटर शाफ्टची, म्हणजे इनपुटला समांतर फिरणाऱ्या शाफ्टची, बेअरिंगंही याच यादीत येतात. ही गुरगुर थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला तर चढते. पण आवाज गुरगुरीचा नसून डब्यात खडे हलवल्यासारखी बारीक खडखड असेल, आणि इंजिनाचा वेग किंचित वाढवला की ती विरून जात असेल, तर बेअरिंगला लगेच दोष देऊ नका. इंजिनाच्या ठोक्यांनी मोकळे गिअर एकमेकांवर आपटत असतात. ते धक्के क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगांनी पचवायचे असतात, आणि त्या स्प्रिंगा सैल झाल्या की ही खडखड वाढते. डिझेल गाडीत ती थोडीफार असतेच. म्हणजे अशा वेळी दुखणं क्लच प्लेटचं असू शकतं, आणि ज्यांच्यात दोन भागांचं फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाला फिरणारं जड चाक) आहे त्या गाड्यांत फ्लायव्हीलचंही.

उलट, पाय सोडलेला असताना शांत आणि पेडल दाबताच किर्र किंवा शीळ, तर रिलीज बेअरिंग. केबलच्या क्लचमध्ये पेडलला सुरुवातीला थोडा प्ले, म्हणजे मोकळी चाल, असतो. तो संपून बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना टेकतं त्याच क्षणी आवाज सुरू होतो. पाय नुसता टेकवला तरी कळतं. काही हायड्रॉलिक क्लचमध्ये हे बेअरिंग कायमच हलकं टेकून फिरत असतं, तिथं आवाज आधीपासून असतो आणि पेडल दाबल्यावर त्याचा सूर बदलतो.

पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर टाकल्यावर, गाडी जागेवरच असताना आवाज सगळ्यांत मोठा येत असेल, तर पायलट बेअरिंग बघा. फ्लायव्हीलच्या मध्यभागी बसून ते इनपुट शाफ्टचं टोक धरतं. शाफ्ट थांबलेला आणि फ्लायव्हील फिरतंय अशा वेळीच त्याच्यावर काम येतं. पुढची चाकं ओढणाऱ्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ते नसतंच, त्यामुळं नसलेल्या भागाचं बिल येत नाहीये ना हेही पाहा.

इथं एक लांब स्क्रू ड्रायव्हर फार कामाचा. टोक बॉक्सच्या बाहेरच्या अंगाला बेअरिंगच्या जागी टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडावर ठेवायची. चांगलं बेअरिंग एकसारखं सळसळतं, खराब बेअरिंग पिठाच्या गिरणीत खडा आल्यासारखं बोलतं. फिरता पट्टा आणि रेडिएटरचा पंखा यांच्यापासून हात आणि बाह्या दूर ठेवा. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली कधीही जाऊ नका. खाली जायचंच असेल तर खड्डा किंवा पक्के स्टँड हवेत.

दुसरी तपासणी: गिअर टाकताना करकर

गिअर पडताना करकर झाली की लोक लगेच 'सिंक्रो गेला' म्हणतात. निम्म्या वेळा क्लच पूर्ण सुटत नसतो. ते ओळखायची रीत सोपी आहे. इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच तळापर्यंत दाबा आणि मनात पाच आकडे मोजा, तेवढ्यात आतले गिअर थांबायला हवेत. मग रिव्हर्स टाका. बहुतेक साध्या बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळं तो खरं सांगतो. पाच आकडे मोजूनही करकरला, तर क्लच दाबलेला असतानाही इनपुट शाफ्टला थोडं फिरवतोय. मग केबलचं अ‍ॅडजस्टमेंट, हायड्रॉलिक क्लच असेल तर तेलाची पातळी, लाइनमधली हवा आणि सिलिंडरची गळती, पेडलखाली सरकलेलं पायपुसणं, हे सगळं आधी बघायचं. यातलं काहीच बॉक्स उतरवून करायचं नसतं. रिव्हर्स न थांबता घाईनं टाकल्यावर करकरला तर तो दोष नव्हे.

करकर एकाच गिअरला आणि पळत्या गाडीतच होत असेल, बहुधा दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला, तर मात्र सिंक्रो. खात्री करायला डबल क्लच करून बघा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, वरून खाली येत असाल तर अ‍ॅक्सिलरेटरचा हलका झटका, पुन्हा क्लच दाबून गिअर. अशा वेळी गिअर लोण्यासारखा पडला तर सिंक्रो रिंग झिजली आहे, कारण तिचं काम तुमच्या पायानं केलं. घाटात उतरताना तिसऱ्यावरून दुसरा घ्यावा लागतो, तिथं झिजलेला सिंक्रो हमखास दगा देतो. म्हणून करूळ किंवा आंबा घाटात नेहमी जाणाऱ्यांनी हे दुखणं अंगावर काढू नये.

तिसरी तपासणी: रस्त्यावर

यासाठी वर्दळ नसलेला, सरळ, सपाट रस्ता शोधा. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले आतले रस्ते सुट्टीच्या दिवशी चांगले, कारण दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती असतात. भिंतीवरून परत आलेला आवाज उघड्या काचेतून स्पष्ट ऐकू येतो. शेजारी कुणाला तरी वही घेऊन बसवा. किती वेग, कुठला गिअर, अ‍ॅक्सिलरेटर दिलेला की सोडलेला, आणि आवाज आहे की नाही, एवढंच लिहायचं.

आधी प्रत्येक गिअरमध्ये थोडं ओढून बघा, मग पाय काढून गाडी त्याच गिअरमध्ये सैल सोडा. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या जोडीचे दात किंवा त्या गिअरखालचं नीडल बेअरिंग. सगळ्या गिअरमध्ये येत असेल तर बेअरिंगं, तेल किंवा डिफरन्शियल. मागच्या चाकांच्या गाड्यांत आणखी एक खूण मिळते. तिथं साधारणपणे चौथा गिअर थेट असतो, म्हणजे ताकद काउंटर शाफ्टमधून न जाता सरळ मागं जाते. पहिल्या तिन्हींत गुरगुर आणि चौथ्यात एकदम शांत, तर काउंटर शाफ्टची बेअरिंगं. पुढच्या चाकांच्या आडव्या बॉक्सला ही खूण लावू नका, तिथं असा थेट गिअर नसतो.

रिव्हर्सला कुंईऽऽ असा आवाज येतो तो दोष नाही. रिव्हर्सचे दात सहसा सरळ कापलेले असतात आणि सरळ दात ओरडतातच. बाकीचे गिअर तिरप्या दातांचे असतात म्हणून शांत चालतात.

आता माझी चूक वाचवू शकली असती ती चाचणी. ताशी पन्नास-साठवर, मागं कुणी नाही बघून, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि क्लच सोडा. इंजिन चालूच ठेवायचं. किल्ली फिरवली तर स्टेअरिंग जड होतं, ब्रेकची मदत जाते. ही चाचणी सपाटीवरच, उतारावर किंवा घाटात अजिबात नाही. इंजिन आयडलवर आलं आणि घूं तसाच राहिला, वेग उतरेल तसा उतरत गेला, तर तो चाकांकडच्या बाजूचा आहे: टायर, व्हील बेअरिंग, डिफरन्शियल किंवा आउटपुट शाफ्टचं बेअरिंग. न्यूट्रल होताच गेला, तर बॉक्सच्या इनपुट बाजूला या.

चाकांकडचा निघाला तर पुढं असं वेगळं करा. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर टायर. हलक्या डाव्या वळणावर वाढला तर उजवं व्हील बेअरिंग, उजव्या वळणावर वाढला तर डावं, कारण गाडीचा भार वळणाच्या बाहेरच्या चाकावर जातो. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना टकटकटक झालं तर ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा, म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट. गाडी उचलून त्याचं रबरी बूट बघा, फाटलेलं आणि आजूबाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. यातलं काहीही बिघडलेलं असताना बॉक्स उतरवणं म्हणजे दाढ दुखते म्हणून गुडघ्याला पट्टी बांधणं.

अ‍ॅक्सिलरेटर दिला-सोडला की एकदाच 'धप' किंवा 'खट्' होत असेल तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंगं बघा. बॉनेट उघडून कुणाला तरी ब्रेक दाबून पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये क्लच हलका सोडायला सांगा, आणि तुम्ही बाजूला उभे राहा. गाडीच्या पुढं किंवा मागं उभं राहू नका. इंजिन बोटभरापेक्षा जास्त उसळलं तर रबर फाटलंय. मागच्या चाकांच्या गाडीत मागं ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधेही, हातानं पिळून बघा.

तेल सगळं सांगतं

उपचाराची सुरुवात इथून. बऱ्याच आवाजांचा शेवटही इथंच होतो. गिअर ऑइल कमी झालं की सगळ्याच गिअरमध्ये घरघर वाढते, आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून थेंबथेंब गळती झाली तर ते वर्षभरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

गाडी गरम करून सपाट उभी करा, स्टँडवर घेतली तर चारही बाजूंनी सारखी. ड्रेन प्लगला हात लावायच्या आधी वरचा फिलर प्लग सुटतो का ते बघा. तो गंजून बसलेला असेल आणि तेल आधीच काढून टाकलं, तर गाडी जाग्यावर अडकते. फिलर सुटला की खालचा ड्रेन प्लग काढा आणि तेल स्वच्छ पांढऱ्या तबकात घ्या. काळ्या बादलीत काही दिसत नाही.

ड्रेन प्लगवर चुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ लेप असणं नेहमीचं आहे. तो बोटांत चोळा. लोण्यासारखा लागला तर ठीक, टोचला तर लोखंडाचे कण आहेत, म्हणजे बेअरिंग किंवा दात सुटायला लागलेत. उन्हात तबक हलवून सोनेरी चकाकी दिसली तर पितळ, म्हणजे सिंक्रो रिंगा झिजतायत. चुंबक पितळ पकडत नाही, ते तेलातच तरंगताना दिसतं. दाताचा तुकडा मिळाला तर गाडी पुढं चालवू नका. तेल चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलंय. त्याबद्दल वेगळं लिहितो.

नवीन तेल कुठलं, याचं उत्तर गाडीच्या पुस्तकात असतं आणि तेच पाळा. यात दुकानदाराशी मी भांडायला तयार असतो. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना जीएल-४ दर्जाचं ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० जाडीचं लागतं. जीएल-५ हा आकडा मोठा म्हणून जास्त चांगलं असं नाही. ते मुख्यतः मागच्या अ‍ॅक्सलच्या डिफरन्शियलसाठी असतं. त्यातली गंधक-फॉस्फरसची जादा रसायनं काही सिंक्रोंच्या पितळेला मानवत नाहीत, आणि तेल जास्त निसरडं असलं तर सिंक्रो रिंगेची पकडही बिघडते. परिणाम म्हणजे तेल बदलल्यावर करकर वाढते आणि माणूस चक्रावतो. पुस्तकात दोन्ही चालतात असं लिहिलं असेल तरच प्रश्न नाही.

फिलर प्लगच्या भोकातून तेल बाहेर ओघळायला लागेपर्यंत भरायचं, एवढीच पातळी. छोट्या गाड्यांत साधारण दोन-अडीच लिटर बसतं. जास्त भरलं तर तेल फेसाळतं आणि सीलमधून वाट काढतं. प्लगचे वॉशर नवे घाला. बॉक्सच्या डोक्यावर हवा जायला-यायला छोटा ब्रीदर असतो, त्यात मातीचा गोळा बसला असेल तर साफ करा. तो बंद झाला की आतली गरम हवा सीलमधून तेल ढकलते.

आवाज दाबायला जाड तेल, ग्रीस किंवा लाकडाचा भुसा घातलेले बॉक्सही बाजारात फिरतात. जुनी गाडी घेताना तेलाचे दोन थेंब बोटावर घेऊन बघाच.

पुरात उभी राहिलेली गाडी

आपल्याकडं हा विषय टाळून चालत नाही. ऑगस्ट २०१९ ला शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं, आणि शाहूपुरी, नागाळा पार्क भागातल्या किती गाड्या दारात उभ्या-उभ्या बुडाल्या. लोकांनी सीट वाळवल्या, इंजिन ऑइल बदललं, वायरिंग बघितली. गिअरबॉक्सची आठवण फार थोड्यांना झाली, आणि सहा-आठ महिन्यांनी तो गुरगुरायला लागला.

पाणी आत जातं ते मुख्यतः ब्रीदरमधून आणि सीलमधून. गरम बॉक्स थंड पाण्यात अचानक बुडाला तर आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. ते तेलात मिसळलं की बेअरिंगच्या गुळगुळीत वाटेवर गंजाचे टिपके पडतात. टिपका दिसायला टाचणीच्या डोक्याएवढा असतो, पण प्रत्येक गोळी त्यावरून जाताना आपटते आणि हळूहळू पापुद्रा सुटतो.

म्हणून गाडी चाकाच्या मध्यापर्यंत बुडाली असेल तर ती सुरू करायच्या किंवा ओढायच्या आधी बॉक्सचं तेल काढा. दुधाळ निघालं तर पुस्तकातल्या दर्जाचंच स्वस्तातलं तेल भरा, चाकं उचलून पक्क्या स्टँडवर पाच-दहा मिनिटं हलक्या वेगावर सगळे गिअर फिरवा, पुन्हा काढा. तेल स्वच्छ निघेपर्यंत हे दोनदा-तीनदा करावं लागतं. हे काम एकट्यानं करू नका, कुणी तरी गरज पडताच ब्रेक दाबायच्या तयारीत आत बसलेलं हवं. मग शेवटचं चांगलं तेल. डिफरन्शियल वेगळं असलेल्या गाडीत त्याचंही तेल असंच बदला. बंद गाडी ओढून न्यायची असेल तर ओढणारी चाकं वर उचलून न्या. इंजिन बंद असताना काउंटर शाफ्ट फिरत नाही, तेल वर उडत नाही आणि मागचे भाग कोरडे घासतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ ची बातमी आली की गाडी उंचावर न्यायला पुरेसा वेळ असतो, ४३ ची वाट बघू नका.

बॉक्स उतरवायचाच ठरला तर

वहीत लिहिलेलं आणि तेलात दिसलेलं एकच सांगत असेल तरच इथं या. पुढच्या चाकांच्या गाडीचा क्रम असा. बॅटरीची तार आधी सोडा. तेल काढा. चाकं काढून खालचे बॉल जॉइंट मोकळे करा आणि ड्राइव्ह शाफ्ट बॉक्समधून ओढून घ्या. गिअरच्या केबली किंवा रॉड, क्लच केबल किंवा सिलिंडर, रिव्हर्स लाइटचं स्विच, स्पीड सेन्सर, स्टार्टर. प्रत्येक जागेचा फोटो काढा, बोल्ट त्या-त्या जागेच्या नावाच्या पुडीत ठेवा; लांबी वेगवेगळी असते. इंजिनाखाली लाकडी फळी घालून जॅकचा आधार द्या आणि मगच बॉक्सचं माउंटिंग सोडा. तिथून पुढं दोन माणसं हवीतच. छोट्या गाडीचा बॉक्सही तीस-चाळीस किलोच्या घरात जातो. तो इंजिनापासून सरळ रेषेत बाहेर ओढायचा. अर्धवट सुटलेल्या अवस्थेत त्याचं वजन क्लच प्लेटवर लटकू दिलं तर प्लेटचं मधलं बूश वाकतं, आणि जोडताना पुन्हा नवं दुखणं.

दोष फक्त रिलीज बेअरिंगचा असेल तर काम इथंच संपतं. पण बॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटची झीज, फ्लायव्हीलवरचे काळे-निळे डाग, फोर्कची बूशं, क्रँकचं मागचं सील आणि ड्राइव्ह शाफ्टची सीलं बघून घ्या. मजुरी बॉक्स काढण्या-घालण्याची असते, भागांची नसते. पाच-दहा हजार किलोमीटरमध्ये जाणारी क्लच प्लेट तशीच बसवून पैसे वाचत नाहीत.

बॉक्स उघडायचा असेल तर मी म्हणेन उद्यमनगरात, जिथं प्रेस, पुलर आणि डायल गेज एकाच छपराखाली आहेत तिथं जा. घरी हातोडीनं बेअरिंग काढता येतं, नीट बसवता येत नाही. पण समोर उभे राहा आणि काही गोष्टी बघा. शाफ्टवर बेअरिंग दाबताना जोर आतल्या रिंगवर पडला पाहिजे, घराच्या खोबणीत दाबताना बाहेरच्या रिंगवर. उलटं केलं तर सगळा दाब गोळ्यांतून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुरगुरतं. बेअरिंगच्या रिंगेवर नंबर कोरलेला असतो, तो पूर्ण जुळवा. ६२०५ मधले शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की आतलं भोक मिळतं, २५ मिमी. पण नंबरमागच्या सी३ सारख्या खुणेत आतला प्ले किती ते लिहिलेलं असतं. माप तेच आणि खूण वेगळी असं बेअरिंग बसतं, चालत मात्र नाही.

सिंक्रो रिंग गिअरच्या कोनावर हातानं दाबून फिरवा, ती पकडायला हवी. मग रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, तीन ठिकाणी मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत नवीन असताना ती एक मिलिमीटरच्या आसपास किंवा थोडी जास्त असते, अर्ध्यावर आली की रिंग संपली. नेमका आकडा त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये. स्लीव्हचे आणि गिअरच्या बाजूचे छोटे दात टोकाला गोल झालेत का तेही बघा. गिअर सुटून बाहेर येण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. नुसती रिंग बदलून झिजलेली स्लीव्ह परत घातली तर सहा महिन्यांनी पुन्हा तिथंच याल.

दात तुटलेला गिअर जोडीनं बदला. जुन्या-नव्याची गट्टी जमत नाही, ते ओरडत राहतात. डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन गिअर तर संचच घ्यायचा. तिरप्या रोलरच्या बेअरिंगांना शिम, म्हणजे पातळ चकती, मोजून घालावी लागते. सैल राहिली तर आवाज, घट्ट झाली तर बेअरिंग तापून जातं. "जुनीच शिम घालतो" असं कुणी नवं बेअरिंग हातात धरून म्हणालं तर मोजायला सांगा, संकोच करू नका.

जोडताना दोन्ही पृष्ठभाग कोरडे पुसून सीलंटची बारीक सलग रेघ, बोल्ट तिरप्या क्रमानं, टॉर्क पान्यानं. गाडीत चढवायच्या आधी इनपुट शाफ्ट हातानं फिरवत सगळे गिअर टाकून बघा. काही अडत असेल तर ते टेबलावरच कळलेलं बरं.

बॉक्स चढल्यावर तेल भरलं का हे स्वतः प्लग उघडून बघा. मग तीच वही काढून पहिली, दुसरी आणि तिसरी तपासणी त्याच क्रमानं, त्याच रस्त्यावर करा. शंभर किलोमीटरनंतर सीलांखाली पुठ्ठा ठेवून रात्रभरात थेंब पडतो का बघा. पहिले काही दिवस पन्हाळ्याच्या चढावर इंजिन कण्हत असताना वरचा गिअर रेटू नका, गिअरच्या दांड्यावर हात टेकवून गाडी चालवू नका, कारण त्या हाताच्या वजनानं फोर्क स्लीव्हला सतत घासतो. महाद्वार रोडच्या गर्दीत क्लचवर पाय ठेवून बसायची सवयही मोडा, नवं रिलीज बेअरिंग तिनंच जातं. साधारण हजार किलोमीटर झाले की तेल एकदा बदला, आणि ते पुन्हा पांढऱ्या तबकातच काढा.